शालिग्रामने खाल्लेलं कंबल

शालिग्रामने सरकारी कंबल खाल्लं, आणि वरून अर्ज दिला की थंडी वाजते.

माणसाच्या वागण्याला काही हद्द असते, असं पद्मिनीबाईंचं म्हणणं होतं. कंबल दिलं तर पांघरावं. पांघरायचं नसेल तर घडी घालून ठेवावं. अगदीच नियत फिरली तर विकून मोकळं व्हावं. पण खायचं? रायपुरात गुढियारीच्या मालधक्क्यावर पोती वाहणारा हा माणूस काही रानातून आलेला नव्हता. वर्षानुवर्षं बुढापारा मोहल्ल्यात बाईंच्या घरी तांदळाचं पोतं तोच आणून टाकायचा आणि ओसरीवर बसून पाणी प्यायचा. चांगल्या घरात ऊठबस असलेल्या माणसाने असं करावं? बाई स्वतः दुसरीपर्यंतच शिकलेल्या, पण कंबल ही खायची वस्तू नव्हे एवढं दुसरीतच कळतं.

त्याच्या अर्जाने बाईंच्या घरावर संकट आलं होतं. अर्ज खरा ठरला असता तर त्यांच्या मुलाची, श्रीपादची, रवानगी भोपाळला ठरलेली होती.

राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळ आणि रायपूरमध्ये सगळ्याची वाटणी झाली. खुर्च्या वाटल्या, जीपगाड्या वाटल्या, कपाटं वाटली, सतरंज्यासुद्धा मापून वाटल्या. थंडी वाटायची मात्र कोणाला आठवण राहिली नाही. थंडीची फाईल भोपाळातच राहिली आणि नव्या राजधानीत पहिली काही वर्षं थंडी विनापरवानगी पडत राहिली. हे लक्षात आल्यावर मोठी धावपळ झाली आणि ‘शीतकाल प्रकोष्ठ’ नावाचं खातं निघालं. भोपाळहून उसना आलेला श्रीपाद त्याचा प्रभारी झाला. खातं नीट चाललं तर तो रायपुरात कायम, नाही तर परत भोपाळ.

“भोपाळले काय आहे?” पद्मिनीबाई म्हणाल्या. “मोठा तलाव आहे म्हणतात. मंग आमच्या दारापुढचा बुढातालाब का वाळून गेला? तू इथंच राहाशीन.”

प्रकोष्ठाचं काम एकच होतं, गरिबांना कंबल वाटणं. अडचणही एकच होती. कंबल घ्यायचं ते राहतीच्या मदातून, म्हणजे मदतीच्या खर्चखात्यातून, आणि राहतीचा मद रिकामा. उत्सवाचा मद मात्र ओसंडून वाहत होता. पण उत्सवाच्या मदातून मंडप, सत्कार आणि स्वल्पाहार एवढंच घेता येतं, कंबल घेता येत नाही. घेतलं तर चौकशी, वाटलं नाही तरी चौकशी. श्रीपाद ताटावर बसून नुसताच भात चिवडू लागला.

त्याच दिवसांत त्याची बायको गंधाली समता कॉलनीत एका क्लासला जाऊ लागली. क्लास बिस्किटं रंगवण्याचा होता. विलायती हिवाळ्याची बिस्किटं. साखरेची मैद्यासारखी पूड अंड्याच्या पांढऱ्यात घोटायची, मेंदीसारख्या कोनात भरायची आणि बिस्किटावर आधी कडा काढून मग आत सोडायची. वाळली की अशी टणक होते की नख उमटत नाही. तिला म्हणे रॉयल आयसिंग म्हणतात.

“बिस्किटाले चुना मारून राहिली का?” पद्मिनीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. “आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी अंडं?”

“आई, अंडा नहीं है, पावडर है.”

“पावडर का झाडाले लागते? अंड्याचीच ना?”

“सूखा हुआ है आई, उसमें लगता नहीं.”

वाळलेलं अंडं विटाळत नाही, हा शोध बाईंना नवा होता. पण सून इंजिनिअर असल्यामुळे तो त्यांनी तात्पुरता मान्य केला. मग त्यांनी एक बिस्किट उचललं. त्यावर एकावर एक ठेवलेले तीन पांढरे गोळे होते.

“हा कोण?”

“स्नोमैन. बर्फ का आदमी.”

“याच्या नाकात गाजर काहून खुपसलं? सर्दी झाली का त्याले?”

आयसिंग वाळावं म्हणून गंधालीने ऐन डिसेंबरात पंखा पाचवर लावला होता. हिवाळ्याची बिस्किटं आरामात वाळत होती आणि हिवाळा सगळा घरात शिरला होता. बाई दोन स्वेटरं घालून मातीच्या गोरसीत निखारे फुंकत बसल्या होत्या, तेवढ्यात श्रीपादचे साहेब, नरहरसाहेब, चहाला आले. त्यांच्यापुढे बशी गेली.

“ये क्या है?” साहेबांनी एक लाल तुकडा उचलून विचारलं.

“स्वेटर है सर,” गंधाली म्हणाली.

साहेबांनी स्वेटरची एक बाही खाल्ली. मग खाणं थांबवून ते बराच वेळ उरलेल्या स्वेटरकडे बघत राहिले.

“श्रीपाद, बिस्किट स्वल्पाहारात येतं?”

“येतं सर.”

“आणि हे स्वेटर आहे.”

“आहे सर.”

“म्हणजे स्वेटर स्वल्पाहारात येतं.” साहेबांचा आवाज भरून आला. “अरे बाबा, मग कंबलाने काय पाप केलं?”

त्या दिवशी श्रीपाद पोटभर जेवला.

गंधालीने तळहाताएवढं चौकोनी बिस्किट भाजलं, त्यावर तपकिरी आयसिंगचं कंबल घातलं आणि टोकांना पांढरे गोंडे काढले. प्रकोष्ठाला वाटलं काम झालं. पण तांत्रिक समितीने हरकत घेतली. शासकीय कंबलाला दोन काळे पट्टे लागतात, या कंबलाला एकच होता. पट्टे दोन झाले तर समितीने विचारलं, ऊब कुठे आहे? ऊब असल्याशिवाय कंबलाला प्रमाणपत्र मिळत नाही. श्रीपादने एक कंबल भट्टीतून थेट समितीच्या हातावर ठेवलं. सदस्याने ओरडून ते खाली टाकलं आणि ‘ऊब समाधानकारक’ असा शेरा मारला.

आता नियमाप्रमाणे एक अशासकीय अध्यक्ष हवा होता. वयाने ज्येष्ठ, घराण्याने जुना, आणि सही करू शकणारा. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घर, सत्तरीची बाई आणि सही येते, हे तिन्ही एकाच जागी सापडल्यावर पद्मिनीबाईच समितीच्या अध्यक्षा झाल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत कंबल उलटसुलट करून पाहिलं.

“काठ बारीक आहे,” त्या म्हणाल्या. “लुगड्याचा काठ असा बारीक काढला असता तर माझ्या सासूनं लुगडं विणकराच्या तोंडावर फेकलं असतं. कंबल आहे तर कंबलासारखं दिसू द्या!”

काठ जाड झाला. सदस्यांनी वहीत ‘मौलिक मार्गदर्शन’ असं लिहिलं, आणि तेव्हापासून बाईंना त्या तुकड्यात बिस्किट दिसेनासं झालं. त्यात त्यांचं मार्गदर्शन होतं. घरी गंधाली चुकून “आज चार कुकीज टूट गई” म्हणाली तर बाई म्हणत, “फाटली म्हण.”

वाटपाचा सोहळा गुढियारीत झाला. मंडप मोठा होता. व्यासपीठावर कापसाचा बर्फ पसरला होता आणि एका शिपायाला गाजर लावून बर्फाचा माणूस केलं होतं. आधी पाहुण्यांचा सत्कार झाला. सत्काराचा मद वेगळा असल्यामुळे त्यात शाल बसते, आणि ती खरी लोकरीची बसते. व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल आणि श्रीफळ मिळालं. पद्मिनीबाईंना अध्यक्षा म्हणून एक शाल मिळाली, ज्येष्ठ नागरिक म्हणून एक, आणि प्रभारींच्या मातोश्री म्हणून आणखी एक. मग मंत्र्यांचं भाषण चालू असतानाच गरिबांना रांगेत उभं करून रिबीन बांधलेल्या पिशवीतून एकेक कंबल देण्यात आलं. पिशवीवर सूचना होती की हे कंबल तीन हिवाळे वापरावे, धुऊ नये, उंदरांपासून जपावे.

शालिग्रामने पिशवी घेतली, उघडली, आणि फोटो निघायच्या आत कंबल तोंडात टाकलं.

तिथेही प्रकरण मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात रंगीत फोटो आला, नव्या राजधानीत आता कोणी कुडकुडणार नाही असं खाली छापलं, श्रीपादला कायम करायचा कागदही टाईप झाला. पण शालिग्राम तक्रार शिबिरात जाऊन अंगठा देऊन आला. त्याची सुनावणी अध्यक्षांपुढे होईपर्यंत श्रीपादचा कागद थांबला.

सुनावणीच्या खोलीत हीटर लावला होता. पद्मिनीबाई मधल्या खुर्चीत बसल्या. एका बाजूला नरहरसाहेब, दुसऱ्या बाजूला घाम पुसणारा श्रीपाद. शालिग्राम बनियनवर पोतं पांघरून समोर उभा होता.

“काय रे, ओळख विसरला का?” बाई म्हणाल्या. “कंबल काहून खाल्लं?”

“बाईसाहेब, बिस्किट होतं ना ते.”

नरहरसाहेबांनी हात वर केला. “नीट विचार करून बोल. बिस्किट होतं म्हणतोस, तर तुला स्वल्पाहार मिळाला. स्वल्पाहाराने थंडी जात नाही, तक्रारच बाद. आणि कंबल होतं म्हणतोस, तर तू सरकारी मालमत्ता खाल्लीस. काय होतं?”

शालिग्रामने बराच विचार केला. “गोड होतं,” तो म्हणाला.

“एक तिसरा मार्ग आहे,” साहेब समजुतीने म्हणाले. “लाभार्थ्याने कंबल आतून पांघरले, असं लिहू. कंबल त्याच्याजवळच आहे. हरवलं नाही, विकलं नाही.”

“पर साहेब, मले बाहेरून थंडी वाजून राहिली,” शालिग्राम म्हणाला. त्याचे दात खरोखर वाजत होते. मग तो बाईंकडे वळला. “मायबाई, तुमच्या आंगावर शाल हाय. खाली अजून एक दिसते. मले हे बिस्किटाचं कळत नाही. एक घोंगडं द्या, फाटकं असन तं चालन. मी अर्ज वापस घेतो.”

पद्मिनीबाईंनी वरची शाल खांद्यावरून थोडी सरकवली. श्रीपाद आईकडे बघत राहिला. घोंगडं दिलं तर कागदावर उमटणार की याला कंबल मिळालंच नव्हतं, आणि कंबल मिळालंच नव्हतं तर भोपाळ.

“आई,” तो हळूच म्हणाला, “बघ बरं.”

बाईंनी शाल पुन्हा नीट घेतली, पदर खोचला आणि ओसरीवरून बोलावं तशा खणखणीत आवाजात निकाल दिला.

“शालिग्राम, तुले घोंगडं भेटणार नाही. शाल सत्काराची असते, ते वाटता येत नाही. आणि थंडी वाजते ते तुह्या चुकीनं. मंडपात एवढे लोक होते, मंत्र्याच्या भाषणाले साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या, त्यायचे हात गरम झाले. पेपर आला, लोकायनं घरात बसून चहा पेता पेता कंबलाचा फोटो पाह्यला, ‘वा, कामं होऊन राहिली’ म्हटलं, पान उलटवलं. त्यायच्यातल्या एकाले तरी थंडी वाजली का? साऱ्या गावाची थंडी गेली, तुही एकट्याचीच कशी राहिली रे पोट्ट्या? तू टाळी वाजवायच्या टायमाले खाऊन राहिला होता, म्हणून!”