टाकीच्या झाकणाचं भोक

बाळांनो, एका जंगलात एक विमान होतं. जंगलात विमान कुठून आलं, असं मधेच विचारू नका. विचारलंत तर गोष्ट इथेच संपेल आणि तुम्हाला अभ्यासाला बसावं लागेल.

विमान फार जुनं होतं. नाकावर लाकडी पंखा, बसायला उघडी जागा आणि डोक्यावर पेट्रोलची टाकी. ते चालवायचे दगडूअण्णा कासव. कासवच का? कारण उतरताना विमान आपटलं तरी त्यांना काही होत नसे. बाकीच्या उमेदवारांची चाचणी एकेकदाच झाली होती.

विमान दरीपलीकडच्या रानात टपाल आणि औषधं पोचवायचं. उडत वीस मिनिटं लागत. चालत जायचं तर दरीला वळसा, म्हणजे कासवाच्या पायांनी अकरा महिने. दगडूअण्णांची लेक इंदी पलीकडेच दिली होती. तिने नदीकाठच्या वाळूत अंडी घातली होती आणि पौर्णिमेला पिल्लं बाहेर येणार होती. दगडूअण्णांना त्या दिवशी तिथे हजर राहायचं होतं. बाकी त्यांना आयुष्याकडून काही नको होतं. दीडशे वर्षांत बरंच मिळून गेलं होतं.

तेवढ्यात सिंहमहाराजांचा वाढदिवस आला. सचिव कोल्ह्याने विमानाला नाकापासून शेपटीपर्यंत केशरी रंग दिला. एक हात कमी वाटला म्हणून दुसरा दिला. टायरसुद्धा केशरी झाले. सगळे म्हणाले, "वा! आता कसं शोभून दिसतंय!"

दुसऱ्या दिवशी विमान उडालं आणि दहाव्या मिनिटाला इंजिन गप्प झालं, नेमकं दरीच्या तोंडाशी. दगडूअण्णांनी विमान कसंबसं वळवलं आणि माळावर आपटलं. त्यांना काही झालं नाही.

मग काय, समिती नेमली. कोल्हा अध्यक्ष झाला.

पहिलं आलं माकड. त्याने चारही प्लग काढून नवे बसवले. मग टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. फुस्स असा आवाज आला. झाकण लावलं, इंजिन सुरू केलं, पाच मिनिटं जमिनीवर चालवलं. झकास चाललं! माकडाला हार घातला. दुसऱ्या दिवशी हवेत दहाव्या मिनिटाला सगळं शांत.

मग हत्ती आला. त्याने पेट्रोलच्या नळीत सोंडेने जोरात फुंकर मारली. झाकण उघडलं, फुस्स झालं, इंजिन पाच मिनिटं सुरेख चाललं. हत्तीला शाल दिली. हवेत पुन्हा दहावं मिनिट, पुन्हा माळ.

शेवटी परदेशातून रोहित पक्षी बोलावला. तो एका पायावर उभा राहिला म्हणून सगळ्यांना खात्री पटली की हा फार विचार करतो. त्याने पेट्रोलचा पंपच बदलला. झाकण, फुस्स, पाच मिनिटं, टाळ्या. त्याला शाल आणि हार दोन्ही मिळालं, कारण तो परदेशी होता. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच.

"आता शनिवारी शेवटची संधी," कोल्हा म्हणाला. "नाहीतर तरसाच्या भंगारात घालू. वय झालंय त्याचं."

"माझंही झालंय," दगडूअण्णा म्हणाले. पण ते कोणी लिहून घेतलं नाही.

पौर्णिमा रविवारी होती.

जंगलाच्या टोकाला साळबा साळिंदर राहायचे. पूर्वी विमानाचे मिस्त्री तेच होते. कामाच्या वेळी प्रश्न विचारतात म्हणून त्यांना लवकर घरी बसवलं होतं. दगडूअण्णा त्यांच्याकडे गेले. जायला दीड दिवस लागला.

"मिस्त्री, माझी इंदी पलीकडे आहे हो," एवढंच ते बोलले आणि त्यांना रडू फुटलं.

"आधी डोळे पुसा, अण्णा," साळबा म्हणाले. "बंद पडतं कधी?"

"दहाव्या मिनिटाला."

"जमिनीवर किती वेळ चालवून बघता?"

"पाच मिनिटं. पेट्रोल महाग आहे ना."

"आणि बंद पडल्यावर पुन्हा सुरू कसं होतं?"

"नवा भाग बसवतात. मग झाकण उघडून पेट्रोल बघतात, फुस्स होतं, मग होतं सुरू."

साळबांचे काटे उभे राहिले. "नव्या भागाचं राहू द्या बाजूला. फुस्स आधीपासून व्हायचं?"

"छे! हल्लीच. म्हणजे, रंग दिल्यापासून."

शुक्रवारी साळबा विमानावर चढले. टाकीच्या झाकणावर बोट फिरवलं. मग पाठीचा एक काटा उपटला, "आई गं" म्हणाले आणि केशरी रंगात खुपसला. टुचकन भोक मोकळं झालं.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?" त्यांनी विचारलं. "दुसरं भोक हवेला लागतं. तसंच हे. पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत यायला हवी. हे तिचं दार. तुम्ही ते रंगवून टाकलंत."

शनिवारी विमान पाऊण तास उडालं. दगडूअण्णांनी माळावर घिरट्या घालत गाणं म्हटलं. गाणं बेसूर होतं, पण ते आनंदात होते.

समिती मात्र अडचणीत आली. हार देऊन झाले होते, शाली पांघरून झाल्या होत्या. आणि रंग कोणी दिला, हा प्रश्न अध्यक्षांच्या अगदी जवळ येऊन बसला होता. कोल्ह्याने अहवाल लिहिला : सर्वांच्या अथक प्रयत्नांनी विमान बरं झालं, मात्र तपासणीत टाकीच्या झाकणाला भोक आढळलं.

"भोक?" महाराज गरजले. "एवढ्या दुरुस्तीनंतर भोक? कोणी पाडलं?"

साळबांना नोटीस गेली. भोकावर लाख ओतली आणि वर राजमुद्रा उमटवली. मुद्रेला हात लावणार नाही, असं दगडूअण्णांकडून लिहून घेतलं. ते साधे होते, त्यांनी लिहून दिलं.

रविवारी निघताना साळबा जवळ आले. कोल्ह्याची नजर चुकवून त्यांनी एक काटा दगडूअण्णांच्या कवचात सरकवला. "लागलाच तर असू द्या," म्हणाले.

विमान उडालं. वारा पाठीमागून होता, त्यामुळे दहावं मिनिट या वेळी दरीच्या बरोबर मध्यावर आलं. इंजिन खोकलं आणि थांबलं. मागे माळ लांब राहिला होता, पुढे रान दूर होतं, खाली तर बघवत नव्हतं. कासवालाही काही होणार नाही, इतकी दरी उथळ नव्हती.

दगडूअण्णांना खूप भीती वाटली. आधी दरीची, मग राजमुद्रेची. मग त्यांना इंदी आठवली आणि दुसरी भीती गेली.

त्यांनी काटा तोंडात धरला. जगात कोणत्याही वैमानिकाला काढता येणार नाही एवढी लांब मान बाहेर काढली. काटा राजमुद्रेत घुसला.

फुस्स.

वाऱ्याने पंखा अजून फिरत होता. इंजिनाने एक ठसका दिला आणि ते सुरू झालं.

दगडूअण्णा नदीकाठी पोचले तेव्हा वाळू हलत होती. तीन पिल्लं बाहेर आली होती, चौथ्याचं नाक दिसत होतं.

"बाबा, उशीर झाला का?" इंदीने विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. तोंडात काटा असल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही.

इकडे जंगलात बातमी पोचली की भोक बुजवल्यावर विमान पहिल्या फटक्यात पलीकडे गेलं. कोल्ह्याला पदक मिळालं. साळबांची नोटीस अजून चालू आहे. दर वाढदिवसाला विमान रंगवतात, मुद्रा नवी उमटवतात, आणि दगडूअण्णा दर वर्षी साळबांकडे दीड दिवस चालत जातात.

तात्पर्य : यंत्र बिघडलं तर आधी समिती नेमावी. त्याने यंत्र चालत नाही, पण ते कोणी बिघडवलं हे कधीच बाहेर येत नाही. आणि बाळांनो, तुम्हाला खरोखरच पलीकडे कोणाला भेटायचं असेल, तर एक काटा जवळ ठेवा. वाटेल ते लिहून द्या, पण काटा देऊ नका.