हुसेनभाई माप घेतात

आमच्या शेजारचे हुसेनभाई मिस्त्री कठड्याचं माप टेपानं घेत नाहीत. ते माणसाला उभं करतात आणि भांडायला लावतात.

"भांडताना माणूस कसा टेकतो त्यावर उंची ठरते, आक्का. गप उभ्या माणसाला कठडा कशाला लागतोय?"

माझ्यावर ही वेळ माझ्याच गुणांनी आली. पाटणला आमचं घर उतारावर, ओटा पुढून कमरेइतका उंच. एका सकाळी दूधवाल्याला दुधातल्या पाण्यावरून बोलता बोलता मी इतकी पुढं सरकले की ओटा कधी संपला ते कळलंच नाही. कोथिंबिरीच्या वाफ्यात पडले. माझं हाड मोडलं नाही. कोथिंबीर मात्र पुन्हा उगवली नाही.

सांगलीहून मुलाचा फोन आला. "आई, रविवारी येतोय. तोवर कठडा झाला नसला तर तुला घेऊनच जाणार." त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात मी राहून आले आहे. दार उघडलं की समोर दुसरं दार, तेही बंद. तिथं बोलायचं कुणाशी, लिफ्टशी?

म्हणून हुसेनभाई. त्यांनी ओट्याच्या कडेला खांब रोवले. मग रोज सकाळी यायचे, चहा प्यायचे आणि मला खांबापाशी उभं करायचे.

"हां, बोला. माझ्या शेळीनं तुमची वांगी खाल्ली."

शेळीनं खरंच खाल्ली होती, त्यामुळे मला विषय पुरायचा. ते खांबावर माझ्या कोपराशी खडूनं खूण करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुसायचे. "काल तुमी अर्ध्याच रागात हुता."

शुक्रवारपर्यंत मधल्या उभ्या पट्ट्या बसल्या. वरची दांडी काही येईना. "रंधा मारायचा हाय, मग पालिश. लाकडाला घाई चालत न्हाई." मी त्यांना आळशी म्हणाले, कामचुकार म्हणाले. चौथी शिकलेल्या बाईचे शब्द तरी किती, तेही संपले. त्यांनी मान डोलावली. "व्हय. आज उंची बरुबर आली."

रविवारी मुलगा आला. "आई, ही फणी कुणी उभी केली? चल, पिशवी भर."

गावाला दम देणारी मी, पोटच्या पोरापुढं मुकाट्यानं लुगड्यांच्या घड्या घालू लागले.

चहाला आलेले हुसेनभाई उठून घरी गेले. मुलाचा चहा निवायच्या आत खांद्यावर दांडी घेऊन आले. सागवानी, कडा गोल केलेली, आरशासारखी. ठोकून बसवली. मुलानं हलवून बघितली, रेलून बघितली आणि जेवून एकटाच परत गेला.

पण मी आंधळी नाही. पॉलिश खडखडीत वाळलं होतं. वाससुद्धा गेला होता.

"कवापासनं तयार हुती?" मी विचारलं.

हुसेनभाई हत्यारं पिशवीत भरत होते. "झालं की चार-पाच दिस."

"मग आणली का न्हाई?"

"आणली असती तर काम संपलं असतं, आक्का." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. "घरवाली गेल्यापासनं घरात कोण उलटून बोलत न्हाई."

मी मागल्या दाराकडं बघितलं.

"मागल्या दाराला बी कठडा पायजे," मी म्हणाले.

आमच्या मागच्या दाराला एकच पायरी आहे. हुसेनभाई मागं जाऊन ती नीट बघून आले.

"लय उंच हाय," म्हणाले.