बारा चिकू, बारा भांडी

चूक कुठे होतेय ते खरे चिकू घेऊनच बघावं, असं विष्णूने ठरवलं आणि घरातल्या भांड्यांवर संक्रांत आली.

विष्णू कैनाडच्या एका वाडीत चिकू निवडायच्या कामाला होता. नववीत त्याने शाळा सोडली होती (शाळेनेही फारसं अडवलं नव्हतं). आता डहाणूला क्लास लावून तो जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होता. पुढच्या बॅचमध्ये एकच जागा उरली होती. क्लासचे यतीन सर म्हणाले होते, "बारा चिकूंतले पिकलेले निवडून यादीत टाकणारी मेथड आज चारपर्यंत चालवून दाखव. जागा तुझी."

मेथड, म्हणजे तेवढ्या कामाचा कोड, चालत होती. फक्त, पिकलेले सात असताना यादीत एकच उतरत होता. शेवटचा.

"मुक्ता, तू माझा कोड वाच. मी कॉम्प्युटर होतो," तो बायकोला म्हणाला.

"म्हणजे मधेच बंद पडणार का?" असं विचारून मुक्ता मोबाईलवरचा कोड मराठीत वाचू लागली. "पहिला चिकू घ्या. नवी रिकामी यादी घ्या."

यादी म्हणून विष्णूने टोपली घेतली.

"पिकला असेल तर टाका."

टाकला.

"दुसरा चिकू घ्या. नवी रिकामी यादी घ्या."

घरात टोपली एकच. त्याने पातेलं घेतलं. तिसरा कडक निघाला, तरी त्याच्या नावाने परात रिकामी बसली. (कॉम्प्युटर स्वतःची अक्कल चालवत नाही. एवढी गोष्ट विष्णूला हुबेहूब जमली.) दहाव्यासाठी शेजारच्या रूपीकडून कळशी आणावी लागली, अकराव्यासाठी पाण्याचा तांब्या रिकामा करावा लागला.

तेवढ्यात आई चहा करायला आली. "पातेलं कुठाय रे?"

"त्यात चिकू आहे."

"किती?"

"एक."

"आणि डब्यात?"

"एक."

"तांब्यात?"

"काही नाही. पण घेऊ नको, तो अकराव्याचा आहे."

आईने सुनेकडे पाहिलं. "याला ऊन लागलं का गं?"

बारावा चिकू देवाच्या ताम्हणात पडला. "आता यादी परत द्या," मुक्ताने वाचलं. विष्णूने हातातलं ताम्हण पुढे केलं.

"बघ! इथेही एकच! म्हणजे चूक चिकूंचीच..."

"अहो, वाडीत काय चिकूगणिक नवी टोपली घेता? टोपली सुरुवातीला एकदाच घ्यायची ना!"

विष्णूने ती ओळ लूपच्या, म्हणजे दर चिकूला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर, वर नेली. सातही चिकू यादीत उतरले.

चार वाजता सर खूश झाले. "चूक सापडली कशी?"

विष्णूने सगळं खरं सांगितलं (खोटं रचायला थोडा धीर लागतो). सर पोटभर हसले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या रिकाम्या ओळीवर पेन टेकवलं.

"हं, नाव?"

"विष्णू..."

"तुझं माहीत आहे रे. बायकोचं सांग."