आठ दिवस मुरलेलं दप्तर

आमच्या गावात शाळा सुटली की मुलं घरी येत नाहीत, दप्तरं घरी येतात. मुलं त्यांना अडकवलेली असतात, म्हणून तीही आपसूक पोचतात. त्यामुळे पहिलीत जाणाऱ्या मुलाचं दप्तर निवडणं हे आमच्याकडे पोरखेळाचं काम नाही. लग्नाची साडी लोक अर्ध्या तासात घेऊन टाकतात, पण दप्तराला अख्खा दिवस मोडतात.

लोहार आळीतली सुवर्णा इंगवले आपल्या रेवासाठी दप्तर घ्यायला मे महिन्यात तांबटांच्या दुकानात गेली. बरोबर रेवा होती. तांबटांनी गल्ल्यावरून उठून दोन दप्तरं समोर ठेवली. एक लाल, साधं. दुसरं करड्या रंगाचं, दिसायला काही खास नाही, पण दुकानात कुणी हललं की त्याचा पट्टा त्या बाजूला वळायचा.

"वहिनी, लाल घ्या," तांबट म्हणाले. "स्वभावाने मठ्ठ आहे. आठ दिवस घरात मुरवलं की गल्ली ओळखतं, दार ओळखतं, बस. त्याच्याकडून चूक होत नाही, कारण त्याला फार काही कळतच नाही."

"आणि हे?"

"हे हुशार आहे. घरातलं सगळं टिपतं. पडदे, वास, कोण कुणाशी कसं बोलतं, सगळं. आणि टिपलेलं विसरत नाही."

"आई, मला लाल हवं," रेवा म्हणाली.

आता सुवर्णाचं सांगायचं तर बाई वाईट नव्हती, पण शेजारच्या पाटणकर वहिनींकडे हुशार दप्तर होतं आणि ते त्या येताजाता ऐकवायच्या. "तुला काय कळतंय," असं रेवाला म्हणून तिने करडं दप्तर घेतलं. तांबटांनी पावतीवर 'ग्राहकाला सूचना दिली' असा शिक्का मारला.

दप्तर मुरवायची रीत सोपी आहे. पुढच्या खोलीत खुंटीला आठ दिवस टांगून ठेवायचं आणि नेहमीसारखं वागायचं. पण दारात पाहुणा आला की नेहमीसारखं वागणारं घर आमच्या गावात तरी मी पाहिलेलं नाही. हुशार दप्तर घरात आलंय म्हटल्यावर सुवर्णाने कंबर कसली. भिंतीला रंग काढला. त्यात रेवाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा गेल्या. पाटणकर वहिनींकडून पडदे मागून आणले. नवऱ्याला, म्हणजे गिरीशला, आठ दिवस आवाज चढवायचा नाही अशी तंबी दिली. रोज पाच वाजता शिरा. आणि पोर घरात असली की पसारा करते, म्हणून रेवाला आठ दिवसांसाठी मामाकडे पाठवून दिलं. खेळणी माळ्यावर गेली. घर कसं आरशासारखं लख्ख झालं. दप्तर खुंटीवरून बघत होतं.

मग पडदे परत गेले, रेवा परत आली, गिरीशचा आवाजही परत आला आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली.

पहिल्या दिवशी साडेबाराला शाळा सुटली. पावणेएकला सुवर्णा दारात उभी राहिली. गल्लीच्या टोकाला रेवा दिसली. आली, आली, आणि दारासमोरून सरळ पुढे निघून गेली.

"अगं रेवा! कुठे चाललीस?"

रेवाने मान वळवून हात हलवला. "आई, अजून घर आलं नाही," ती म्हणाली आणि मारुतीच्या देवळाकडे वळली.

बावीस मिनिटांनी ती पुन्हा आली आणि पुन्हा पुढे गेली. तिसऱ्या फेरीला सुवर्णा तिच्या शेजारून पळत पळत चालली. तिला पाणी पाजलं, घाम पुसला. रेवा म्हणाली, "पाय दुखतायत गं, पण दप्तर थांबत नाहीये." सुवर्णाचा हात पट्ट्याकडे गेला, तेवढ्यात शेजारचं कुणीतरी ओरडलं, "अहो, वेड लागलंय का!" गेल्या वर्षी वेताळपेठेत एका बापाने रस्त्यातच मुलीचं दप्तर ओढून काढलं होतं. ती मुलगी अजून त्याच जागी उभी आहे. पालिकेने तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलंय आणि तिची आई रोज दोन वेळा डबा घेऊन जाते. सुवर्णाने हात मागे घेतला.

गिरीश जाऊन पालिकेच्या दप्तर विभागातल्या धोत्रे कारकुनांना घेऊन आला. धोत्रे ओट्यावर बसले, रेवाची एक फेरी घड्याळ लावून पाहिली आणि वही उघडली.

"दप्तर बिघडलेलं नाही, बाई. घर शोधतंय. मुरवताना घरात काय काय होतं ते सांगा. लपवू नका, पोरीचा प्रश्न आहे."

सुवर्णाने रंग सांगितला, पडदे सांगितले, शिरा सांगितला.

"मुलगी होती घरात?"

"मामाकडे होती. पसारा करते ना ती."

धोत्र्यांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे याला माहीत असलेल्या घरात मूल नाही. आणि दप्तराला जे घर दिसतं, तेच मुलाला दिसतं."

"मग आता हो?"

"घर तसं करा. ओळखलं की आत येईल. ते दारापर्यंत मुलीला आणेल एवढी हमी खातं देतं. पुढचं आमच्याकडे येत नाही."

"पुन्हा मुरवता नाही येणार?" गिरीशने विचारलं.

"हुशार दप्तर एकदाच मुरतं," धोत्रे म्हणाले आणि सही करून गेले.

सुवर्णा पायरीवर बसली. मग रेवा पाचव्या फेरीला समोरून गेली, एक पाय ओढत, आणि या वेळी तिने हातही हलवला नाही. ते पाहून सुवर्णा उठली. पाटणकर वहिनींनी न मागता पडदे आणून दिले. गिरीश माळ्यावर चढला. खालून सुवर्णा एकेक वस्तू देत होती. बाहुली, कंपासपेटी, दोरीवरचा फ्रॉक, मोरीतला छोटा ब्रश, पलंगाखाली सापडलेला एक मोजा. भिंतीवर पंधरा दिवसांत पुन्हा दोन रेघा ओढल्या गेल्या होत्या, त्यांवर तिने स्वतः रंगाचा हात फिरवला. तिला रडू आवरेना. गिरीशने जवळ येऊन हळू आवाजात म्हटलं, "डोळे पूस. त्या आठ दिवसांत तू रडली नव्हतीस."

तिने डोळे पुसले आणि रवा भाजायला घेतला.

पाचला पाच कमी असताना दप्तर दारासमोर आलं. थांबलं. पट्टा वळला. मग ते रेवाला घेऊन पायऱ्या चढलं, उंबऱ्याशी तिच्या खांद्यांवरून आपणच उतरलं, आत आलं आणि खुंटीला जाऊन लागलं. गिरीश पेपर वाचत होता. तो मान वर करून शांतपणे हसला, जसा त्या आठ दिवसांत हसायचा.

रेवा उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिने घरात नजर फिरवली. नंतर सुवर्णाकडे पाहिलं, नीट, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"काकू, पाणी मिळेल का?"

सुवर्णाने मागे वळून पाहिलं. खुंटीवर पट्टा तिच्या दिशेने वळलेला होता. ती आत गेली, पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "ये ना बाळ, आत ये. बैस."

रेवा खुर्चीच्या कडेवर, गुडघे जुळवून बसली. सगळं पाणी एका दमात प्यायली.

"काकू, तुमच्याकडे लहान मुलं नाहीत का?"

गिरीशने पेपरचं पान उलटलं. आहे म्हणावं तर दप्तर खुंटीवरून उतरणार, पोरीच्या पाठीवर चढणार आणि चालायला लागणार. सुवर्णाने पदर घट्ट धरला.

"नाहीत गं," ती म्हणाली.

"मग मी रोज येऊ? शाळा सुटल्यावर?"

"ये की. रोज ये. राहिलीस तरी चालेल."

रेवाने थोडा विचार केला. तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. "पण आईला विचारायला लागेल. ती दारात उभी असेल माझी वाट बघत."

"तिला विचारलंय मी," सुवर्णा म्हणाली. "ती हो म्हणाली."

"नक्की?"

"नक्की."

मग रेवाने चपला काढल्या आणि शिरा कुठे आहे ते विचारलं.