अर्धी तुझी, अर्धी माझी

गोळी खोटी आहे हे टेलरमास्तरांना पहिल्याच घोटाला कळलं. ती कडू नव्हती.

"औषध कसं, घशातून जाताना त्यानं जरा दम दिला पाहिजे," ते बायकोला म्हणाले. "ही आपली गुपचूप आत गेली. हिच्यात काही राम नाही."

"अहो, पण आधी पोटात तरी पोचू द्या तिला," बायको म्हणाली.

टेलरमास्तरांना धीर नव्हता, आणि तो नसायला कारणही तसंच होतं. उभी हयात त्यांनी पायाचं मशीन चालवलं होतं आणि आता उजवा गुडघा संपावर गेला होता. दोन शिवणी मारल्या की पाय म्हणायचा, बस्स. मुलाने मशीनला मोटर बसवायचं सुचवलं, तर मास्तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "मोटरला काय कळतंय रे, हातात रेशीम आहे का गोणपाट?" मुलगाही बापावरच गेलेला. तो म्हणाला, "मग दुकान बंद करा. तो मोबाइलची कव्हरं विकणारा केव्हापासून गाळा मागतोय. हॉस्पिटलचं ते जे काय संशोधन आहे, ते करून बघा. नाही गुण आला, तर किल्ली माझ्याकडे द्यायची." मास्तर रागाच्या भरात "दिली!" म्हणून बसले. आता झोपेतसुद्धा त्यांना दुकानात कव्हरं टांगलेली दिसायची, तीही मांजरांच्या चित्रांची.

संशोधनाची बातमी आणली होती ड्रायव्हरने. हा त्यांचा जुना दोस्त. जन्मभर बस चालवली, क्लच दाबून दाबून डावा गुडघा घालवला आणि निवृत्त झाल्यापासून मास्तरांच्या दुकानातल्या बाकावर मुक्काम ठोकला. दोघं मिळून हॉस्पिटलात गेले. तिथल्या संशोधन विभागात एका ताईंनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि अगदी सावकाश समजावून सांगितलं.

"नव्या औषधाची चाचणी आहे. काही जणांना औषध मिळेल, काही जणांना तशीच दिसणारी साधी गोळी."

"मला कुठली?" मास्तरांनी विचारलं.

"ते मला माहीत नसतं, काका."

"मग डॉक्टरांना विचारून सांगा."

"डॉक्टरांनाही माहीत नसतं."

"अरेच्चा! मग माहीत कोणाला?"

"कॉम्प्युटरला."

मास्तरांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघितलं. तो बंद होता.

"ताई, आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला माहीत नसलं तरी निभावतं," ते कळवळून म्हणाले. "पण टेलरलाच माहीत नसेल, तर पँटचा झगा होईल हो!"

ताई हसल्या आणि त्यांनी दोघांच्या हातात एकेक बाटली दिली. तेव्हापासून मास्तरांच्या डोक्यात भुंगा शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर दुकानात आला तो तोंड पाडूनच. बाकावर बसला आणि म्हणाला, "तुझीच खरी आहे."

"कशावरून?"

"काल तू चौकापर्यंत चालत गेलास. मी गॅलरीतून बघितलं."

"गेलो चालत, आणि आलो रिक्षाने! ते नाही बघितलंस?" मास्तर उसळले. "उलट तुझीच खरी. आत्ता बाकावर बसताना तू 'आई गं' म्हणाला नाहीस."

"म्हणालो. मनात म्हणालो."

शब्दाने शब्द वाढला. ड्रायव्हर म्हणाला, तुझं पहिल्यापासूनच नशीब बरं. मास्तर म्हणाले, तू ताईंना गोड बोलून खरी बाटली लाटलीस. त्यानंतर चार दिवस ड्रायव्हर त्याच बाकावर येऊन बसत होता, पण पाठ करून. गिऱ्हाईकं विचारायची, हे कोण? मास्तर म्हणायचे, ओळखत नाही.

शेवटी मास्तरांची बायको वैतागली. त्या घरात वाटणीचा कारभार तिचा होता आणि तिचा न्याय ठरलेला होता: भांडण ज्या वस्तूवरून, ती वस्तू मधोमध. नातवंडं खोडरबरावरून भांडली तेव्हा तिने खोडरबर कापलं होतं. रंगीत पेन्सिलीवरून भांडली तेव्हा पेन्सिल मोडली होती. छत्रीवरून भांडली तेव्हा मात्र मुलाने मध्ये पडून छत्री वाचवली.

"भाऊजी, आणा ती बाटली इकडे," ती ड्रायव्हरला म्हणाली. "एक गोळी तुमची, एक यांची. दोन्ही मधून कापायच्या आणि दोघांनी दोन्हीकडची अर्धी-अर्धी घ्यायची. मग खरी कोणाची का असेना, अर्धं औषध दोघांच्याही पोटात!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. एवढं मोठं हॉस्पिटल, एवढे शिकलेले डॉक्टर, आणि इतकी साधी गोष्ट कोणाला सुचू नये?

"वहिनी, तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या जागी बसायला पाहिजे होतात," ड्रायव्हर गहिवरून म्हणाला.

गोळ्या कापायचं काम अर्थातच मास्तरांकडे आलं. त्यांनी चष्मा चढवला, गोळी कापडाच्या टेबलावर ठेवली, खडूने मधोमध रेघ मारली आणि काजाच्या छोट्या कात्रीने कचकन कापली. अर्धी गोळी टेबलावर राहिली आणि अर्धी उडून बटणांच्या डब्यात पडली. डब्यात पांढरी बटणं ढिगाने होती. दोघांनी मिळून शोधाशोध केली, वाद घातला आणि शेवटी एकमताने एक तुकडा निवडला. त्या दिवशी ड्रायव्हरने जे गिळलं ती गोळी होती की मुलांच्या शर्टाचं बटण, हे अजूनही नक्की झालेलं नाही.

"हे असं रोज नाही चालायचं," बायको म्हणाली आणि तिने दुकानामागच्या स्वयंपाकघरातून खलबत्ता आणला. दोन्ही बाटल्या त्यात उपड्या केल्या. तिने कुटलं, दोघांनी बघितलं. झालेली पांढरीशुभ्र पूड झाकणाच्या डब्यात भरून तिने डबा दुकानातल्या फळीवर ठेवला. आता कोणाची कुठली हे खुद्द कॉम्प्युटर आला असता तरी त्याला सांगता आलं नसतं.

रोज सकाळी दोघांनी एकेक चिमूट घ्यायची असं ठरलं. आणि काय सांगावं, आठवड्याभरात मास्तरांचा गुडघा वळायला लागला! आधी ते बिनआधाराचे उठले. मग खाली पडलेली सुई वाकून उचलली. मग एका दुपारी त्यांनी अख्खा कुडता एका बैठकीत शिवून काढला आणि मशीनचा तो खडखडाट ऐकून बायको बाहेर येऊन दारात उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. मास्तरांचेही आले असते, पण समोर ड्रायव्हर बसला होता, आणि ड्रायव्हरचा गुडघा होता तिथेच होता.

"तू चिमूट मोठी घेतोस," ड्रायव्हर म्हणाला.

मग चिमटीऐवजी चमचा आला. चमच्यावर मास्तर आपली लाकडी पट्टी फिरवून पूड सपाट करू लागले. तरी ड्रायव्हरला काही फरक नाही.

"हा कुठला न्याय?" तो कुरकुरला. "अर्धं औषध माझं ना? मग माझ्या वाटचा अर्धा आराम कुठंय?"

"अरे, तो काय मी खिशात घातलाय?" मास्तर म्हणाले. पण त्यांनाही काही उमगत नव्हतं. डबा एक, चमचा एक, पट्टी एक. एकाचा पाय पळतोय आणि दुसऱ्याचा हलत नाही. आराम वाटून द्यायची सोय असती तर त्यांनी चार दिवसांचा आराम नक्की दिला असता. पाचव्या दिवसाचा दिला नसता.

महिना संपत आला आणि ताईंचा फोन आला. "काका, उद्या तपासणीला या दोघं. आणि उरलेल्या गोळ्या बाटलीसकट आणा हं. आम्हाला मोजायच्या असतात."

फोन ठेवून मास्तर मटकन स्टुलावर बसले. मोजायच्या?

"परत गोळ्या वळता येतील का?" ड्रायव्हरने डबा हलवून बघत विचारलं.

"काही वळायचं नाही," बायको म्हणाली. "चोरी केली आहे का आपण? उद्या मीही येते. खरं काय ते सांगायचं."

"सांगितलं तर हाकलतील," मास्तर म्हणाले. "हाकललं तर औषध गेलं. औषध गेलं तर गुडघा गेला. आणि गुडघा गेला की दुकानात मांजरं!"

दुसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलावर दोन रिकाम्या बाटल्या आणि एक डबा आला. ताईंनी झाकण उघडलं आणि त्यांना दोन शिंका आल्या.

"हे काय आहे?"

"गोळ्या," मास्तर म्हणाले.

"कुठे आहेत?"

"सगळ्या आहेत, ताई. फक्त सुट्या नाहीत."

"यातल्या तुमच्या कुठल्या आणि यांच्या कुठल्या?"

"तेच नको होतं ना आम्हाला!" ड्रायव्हर समजावणीच्या सुरात म्हणाला.

ताईंनी डबा उचलला आणि तिघांना घेऊन त्या थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी आधी दोघांचे गुडघे वाकवून बघितले. मग मास्तरांनी सगळं सांगून टाकलं: कात्री, खडू, बटण, खलबत्ता, चमचा, पट्टी. बायको मध्ये मध्ये "कल्पना माझी होती" असं म्हणत होती आणि त्यात पश्चात्तापापेक्षा अभिमान जास्त होता. डॉक्टर कपाळाला हात लावून ऐकत होते.

"झालं तुमचं?" ते म्हणाले. "आता माझं ऐका. ताई म्हणाल्या ती खऱ्या औषधाची वाटणी अजून व्हायचीच आहे. पहिला महिना आम्ही सगळ्यांनाच साधी गोळी देतो. कोणालाच आधी सांगत नाही, कारण सांगितलं तर उपयोग राहत नाही."

बायकोने डब्याकडे बघितलं.

"म्हणजे मी काय कुटलं?" बायकोने विचारलं.

"पिठासारखंच काहीतरी."

"आणि आम्ही महिनाभर भांडून वाटून घेतलं ते?" ड्रायव्हर म्हणाला.

"तेच."

"मग माझा गुडघा कशाने बरा झाला?" मास्तर ओरडलेच.

"काका, हेच शोधायला तो महिना असतो. काही जणांना नुसत्या भरवशानेच आराम पडतो. त्यांना आम्ही पुढे घेत नाही. घेतलं, तर औषधाचा गुण कुठला आणि मनाचा कुठला, ते कळत नाही. तेव्हा तुम्ही मोकळे. हे तुमचे मित्र मात्र पुढे चालू राहतील, आणि तेही पुन्हा खलबत्त्याच्या आसपास दिसले नाहीत तरच."

मास्तरांनी बोटांवर हिशोब लावायचा प्रयत्न केला. "म्हणजे जो बरा झाला त्याला औषध नाही?"

"नाही."

"आणि जो बरा झाला नाही त्याला आहे?"

"असेल. किंवा साधी गोळी असेल."

"कोणाला माहीत?" मास्तरांनी सवयीने विचारलं.

"कॉम्प्युटरला," बाकीचे सगळे म्हणाले.

ड्रायव्हरने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काळजी करू नकोस रे. मी आहे ना. मला मिळेल त्यातली अर्धी..." ताईंनी एकदम मान वर केली. "...काही नाही, काही नाही," ड्रायव्हर म्हणाला.

तिघं लिफ्टने खाली आले. दाराशी पोचतात तोच मास्तर थबकले. त्यांनी गुडघ्याला हात लावला. चेहरा पिळवटला आणि मग हळूहळू उजळत गेला.

"दुखतोय!" ते म्हणाले. "अगं, दुखतोय! पीठ होतं म्हटल्यावर लगेच कळ आली बघ! आता मी परत आजारी. आता घ्यावंच लागेल मला!"

"अहो, थांबा, लिफ्ट वर गेलीय..."

कोण थांबतंय? डॉक्टर राउंडला निघून जायच्या आत त्यांना गाठायचं होतं. मास्तर जिन्याकडे वळले आणि दोन दोन पायऱ्या टाकत धावत सुटले. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. पहिला मजला गेला, दुसरा गेला, तरी वरून त्यांचा आवाज येतच होता. "डॉक्टर! अहो डॉक्टर! एक पायरीसुद्धा चढवत नाही हो!"

ड्रायव्हर तोंडाचा आ करून वर बघत राहिला. बायकोने पर्समधून फोन काढला आणि मुलाला लावला.

"हं, मीच. त्या कव्हरवाल्याला सांग, गाळा मिळणार नाही," ती म्हणाली. "हो, गुडघा अगदी ठणठणीत आहे. नाही रे, बाबांना अजून सांगितलेलं नाही. आणि तूही सांगू नकोस."