नैफाचा पत्ता

इर्बिदच्या दुकानातलं यंत्र अम्मानच्या भटारखान्याशी बोलायला लागलं, तरच रुबाच्या लग्नाचा विषय काढायचा, असं अबू हैथमने नझीहला रोखठोक सांगितलं होतं. दोन्ही ठिकाणची मिठाई त्याची, लेक रुबाही त्याचीच, आणि माणूस शब्दाचा पक्का. नझीहने तहानभूक विसरून सी भाषेत प्रोग्राम लिहिला, आणि खरं सांगायचं तर फार देखणा लिहिला. अम्मानच्या यंत्राला अबू हैथमने आपल्या आईचं, नैफाचं, नाव दिलं होतं. प्रोग्रामने आधी त्या नावाचा पत्ता शोधायचा, मग तिथे जाऊन दार ठोठावायचं. दार उघडलं की इकडे लिहिलेलं तिकडे दिसणार आणि तिकडचं इकडे.

प्रयोगाला अबू हैथम धाकट्या भावाला, फव्वाजला, घेऊन आला. फव्वाजला बोलावलं म्हणजे अर्ध्या गावाला बोलावल्यासारखंच. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही.

नझीहने बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत अक्षरं उमटली : 'नैफा सापडली. जोडणी झाली.'

"माशाल्ला!" अबू हैथम ओरडला. "आई जिवंत असताना एका हाकेत कधी ओ देत नव्हती रे!"

फव्वाजने त्याला कोपराने ढोसलं. "नगराध्यक्षांच्या घरी आज साखरपुडा आहे. त्यांची वीस ताटं कुनाफा याच्यावरूनच सांग. बघू तरी!"

नझीहने लिहिलं. लगेच उत्तर आलं : 'मिळालं.' टाळ्या पडल्या. शेजारच्या औषधवाल्याने तर त्याच्या कपाळाचा मुकाच घेतला.

तेवढ्यात अम्मानच्या भटारखान्यातून रुबाचा फोन आला, तो अबू हैथमने सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला. "बाबा, सुरू कधी करताय? इथे सकाळपासून वीज नाही. नैफा बंद आहे."

नझीहला एकदम आठवलं. यंत्र घरी नेऊन चाचणी घेताना 'नैफा म्हणजे हेच यंत्र' अशी एक ओळ त्याने यंत्रात लिहून ठेवली होती आणि उत्तर द्यायला तिथेच एक बनावट नैफा बसवली होती. दोन्ही काढायचं राहून गेलं होतं. प्रोग्राम आपलंच दार ठोठावत होता आणि आतून स्वतःच ओ देत होता.

अबू हैथम मात्र छाती फुगवून गर्दीकडे वळला. "ऐकलंत? तिकडे वीज नाही, यंत्र बंद, तरी बोललं! याला म्हणतात इंजिनिअर!"

नझीहची स्तुती आयुष्यात इतकी कधी झाली नव्हती. गप्प बसला असता तर रुबा त्याची होती. पण मग साखरपुड्याला कुनाफा पोचला नसता.

"अम्मो," तो अबू हैथमला म्हणाला, "काहीच जोडलं गेलं नाही. हे यंत्र स्वतःशीच बोलत होतं."

त्याने ती ओळ खोडली, बनावट नैफा हटवली, पुन्हा बटण दाबलं. बऱ्याच वेळाने अक्षरं आली : 'नैफा उत्तर देत नाही.'

"आधीचंच बरं होतं," औषधवाला पुटपुटला.

अबू हैथमने दाढी खाजवली. "म्हणजे स्वतःच विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं आणि स्वतःच खूश व्हायचं?"

"हो, अम्मो."

"आमच्या घरात हे काम फव्वाज करतो. पण त्याने आजवर एकदाही कबूल केलेलं नाही." त्याने नझीहच्या पाठीवर थाप मारली. "फव्वाज, साखरपुड्याचं फोनवरून सांग. आणि तू, पोरा, तुझ्या वडीलधाऱ्यांना घेऊन ये. रुबा तुझी."

लोक मिठ्या मारत असतानाच अम्मानला वीज आली. रुबा अजून फोनवरच होती, तिने सगळं ऐकलं होतं. पडद्यावर, या वेळी खरोखर अम्मानहून, एक ओळ उमटली : 'मला कुणी विचारलं का?'

अबू हैथम खोकला. नझीहने लिहून विचारलं : 'रुबा, माझ्याशी लग्न करशील?'

उत्तर लगेच आलं नाही. नझीहला घाम फुटला, तरी त्याला बरं वाटलं. पलीकडे या खेपेला नक्की कुणीतरी होतं.

मग अक्षरं आली : 'हो. आणि फव्वाज अम्मो, दुसऱ्यांचे निरोप वाचणं बंद करा.'