माईंची खाणावळ आणि प्रश्न क्रमांक सात

माणसाला भूक लागते हे विधान सर्वमान्य असले, तरी ते रीतसर मंजूर झाल्याशिवाय त्यावर कार्यवाही करता येत नाही. शहराच्या टोकाला नव्याने उभ्या राहिलेल्या नऊ इमारतींच्या वसाहतीने हे वेळीच ओळखले आणि आपली पहिली उपसमिती भुकेसाठीच नेमली. (दुसरी उपसमिती पहिलीला बसायला खुर्च्या मिळवून देण्यासाठी होती. तिचे काम अद्याप चालू असल्यामुळे पहिलीच्या बैठका मुलांच्या घसरगुंडीशेजारी उभ्यानेच होत.)

वसाहतीत घरे सहाशे अठ्ठेचाळीस, लिफ्ट अठरा (पैकी चालू अकरा), आणि उपाहारगृहासाठी राखून ठेवलेला गाळा मात्र एकच. त्या गाळ्यासाठी दोन अर्ज आले. पहिला अर्ज चारशे बारा शाखा असलेल्या एका मोठ्या कंपनीचा होता. तिच्या कुठल्याही शाखेत डोळे बांधून नेले तर आपण कोणत्या गावात आहोत हे कळत नाही, आणि डोळे सोडले तरी कळत नाही. दुसरा अर्ज माईंचा होता.

माईंची खाणावळ मागच्या फाटकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये होती. इमारतींचा पाया खणला जात होता तेव्हापासून गवंडी, क्रेनवाले, वायरमन तिथेच जेवत आले होते. नऊच्या नऊ इमारती माईंच्या बटाट्याच्या रश्श्यावर उभ्या आहेत असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. इंजिनिअर लोक सिमेंटचे नाव घेतात, पण तेही जेवायला तिथेच येत. आता शेडच्या जागी कारंजे व्हायचे होते. महिनाअखेर शेड पाडली जाणार होती. गाळा मिळाला तर माई राहणार, नाहीतर गाशा गुंडाळणार, इतका हा मामला सरळ होता. उपसमिती नसती तर तो तसाच सरळ राहिला असता.

उपसमितीचे सचिव वजनमाप खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले, त्यामुळे घरातला चहाचा चमचाही ते आधी हातावर तोलून बघत. त्यांच्या पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या होत्या, त्या पाच महिने यायच्या नव्हत्या. सचिवांना पाणी उकळणे हा एकच पदार्थ येत असे (तोही कधीकधी करपे). म्हणून ते रोज संध्याकाळी साडेसातला माईंच्या बाकावर येऊन बसत. सहाशे अठ्ठेचाळीस घरांपैकी तिथे नियमाने जेवणारे घर एकच होते, आणि त्या घरात सध्या एकच माणूस होता. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सचिवाने निःपक्षपाती असावे, आणि निःपक्षपाती माणसाला भूक लागलेली शोभत नाही, असे त्यांचे मत होते.

पहिल्याच बैठकीत सर्वेक्षण करायचे ठरले. प्रश्नावली अर्थात सचिवांनीच तयार केली. 'गाळा स्थानिक खाणावळीला मिळावा काय?' या पहिल्या प्रश्नाला सहाशे अकरा घरांनी 'होय' म्हटले. एकोणतीस घरांनी 'होय, नक्कीच' म्हटले. सात घरे कुलूपबंद होती. उरलेल्या एका घराने 'पाणी सकाळी येत नाही' असे लिहिले. ते उत्तर पाणी उपसमितीकडे वर्ग करण्यात आले.

सातवा प्रश्न असा होता: 'गेल्या महिन्यात आपण सदर खाणावळीत किती वेळा जेवलात?' हा प्रश्न छापण्याआधीच तिसऱ्या इमारतीतल्या ताईंनी हरकत घेतली. ताई या वसाहतीतल्या स्थानिक चवीच्या खंद्या पुरस्कर्त्या. त्यांच्या प्रत्येक भाषणात माती येई, म्हणून सगळे त्यांना मातीताई म्हणत.

"अहो, हा खासगी प्रश्न झाला," मातीताई म्हणाल्या. "कोण कुठे जेवतं ही ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट आहे. आपण तत्त्वाबद्दल बोलतोय."

"ताईंचं बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त दंतवैद्य होते, समोरच्याने तोंड उघडले की त्यांचे लक्ष शब्दांऐवजी दाढांकडे जाई.

प्रश्न क्रमांक सात खोडण्यात आला. सचिवांनी पट्टी लावून रेघ मारली. रेघ मारताना त्यांच्या मनात आले की आपण एक शब्द बोलायला हवा होता. पण बोललो तर आपण तिथे जेवतो हे उघड होईल, आणि उघड झाले तर माईंच्या बाजूने पक्षपात केल्याचा ठपका येईल. म्हणून तो डाग आधीच धुऊन काढण्यासाठी त्यांनी माईंशी जरा जास्तच कडक वागायचे ठरवले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना माणसे सहसा डोळे मिटतात. सचिवांनी धोंड्याचे वजन करून घेतले.

त्यांनी दोन्ही अर्जदारांसाठी बेचाळीस कलमी नमुना तयार केला. कंपनीचा टायवाला प्रतिनिधी तो नऊ मिनिटांत भरून मोकळा झाला. माईंचा नमुना भरून घ्यायला सचिव स्वतः शेडमध्ये गेले. माईंचे हात पिठात होते, म्हणून उत्तरे त्यांनी सांगितली आणि सचिवांनी लिहिली. त्यातली काही दप्तरी आजही पाहायला मिळतात. संस्थेचे ध्येयवाक्य: 'हात धुऊन बसा.' आजचा पदार्थ उद्या मिळण्याची हमी: 'उरला तर.' तक्रार निवारणाची व्यवस्था: 'समोरच उभी आहे.' कलम एकोणीस होते एका वेळी वाढल्या जाणाऱ्या अन्नाचे वजन. तिथे माई म्हणाल्या, "चेहरा बघून."

सचिवांचे पेन थांबले.

"माई, असं लिहून चालत नाही. ग्रॅममध्ये सांगा."

"कुणाचे ग्रॅम?"

"म्हणजे?"

"तुमचे, का त्या क्रेनवाल्याचे? त्याला सकाळपासून उन्हात टांगलेलं असतं. तुम्ही बैठकीतून येता."

हे खरे होते. माईंकडे मेनूकार्ड नव्हते. माणूस बाकावर बसला की त्या पळी हातात धरून क्षणभर त्याच्याकडे बघत आणि मग वाढत. थकलेल्याला जास्त, नुसत्या हावरटाला कमी, भांडून आलेल्याला आधी पाणी. मुलीच्या बाळंतपणाला दोन दिवस उशीर झाला तेव्हा सचिव कोणाला काही बोलले नव्हते. त्या संध्याकाळी माईंनी रस्सा न वाढता त्यांच्यापुढे मऊ भात आणि दूध ठेवले होते, आणि सचिवांनी मान खाली घालून तो सगळा संपवला होता. मुलगी झाल्याचा फोन त्यांना त्याच बाकावर आला. हे सगळे कलम एकोणीसमध्ये बसत नव्हते. सचिवांनी लिहिले: 'वजन: अनिश्चित.'

यानंतर उपसमितीने प्रत्यक्ष चव चाचणी घेतली. आधी शेडमध्ये. सचिवांनी घरून आपला जुना वजनकाटा आणला. सात सभासद ओळीने बाकावर बसले (सगळे एकत्र बसण्याची ही त्यांची पहिलीच वेळ). माईंनी प्रत्येकाकडे पाहिले आणि वाढले. अध्यक्षांच्या ताटात भरले एकशे ऐंशी ग्रॅम. "पोट पुढं आलंय, रात्री झोप लागत नसेल," माई म्हणाल्या, आणि दंतवैद्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपले तोंड मिटून घेतले. मातीताई तीन आठवडे उकडलेल्या काकडीवर होत्या. त्यांच्या ताटात चारशे दहा ग्रॅम पडले.

सगळ्यांनी ताटे पुसून खाल्ली. मातीताईंनी पुन्हा मागून घेतले, आणि दोन घास अध्यक्षांच्या ताटातूनही गेले असे इतिवृत्तात नोंदवण्याचे सचिवांनी सौजन्याने टाळले. निकाल असा: चव, दहापैकी दहा. सातत्य, दहापैकी शून्य.

मग कंपनीची चाचणी झाली. सात खोकी, प्रत्येकात बरोबर दोनशे चाळीस ग्रॅम. सचिवांच्या काट्याचा काटा सातही वेळा एकाच रेघेवर थांबला, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत जे सुख मिळाले नव्हते ते त्यांना त्या दिवशी मिळाले. कोणीच खोके संपवले नाही. पण प्रत्येक खोक्यात उरलेले अन्नही जवळपास सारखेच भरले, त्यामुळे सातत्याचे दहापैकी अकरा गुण द्यावे लागले.

तरीही अडचण होती. सहाशे चाळीस घरांना स्थानिकच हवे होते. जनमत डावलणे उपसमितीच्या तत्त्वात बसत नव्हते, आणि गुण डावलणे सचिवांच्या. हा पेच टायवाल्याने सोडवला.

"स्थानिक व्हायला आमची काहीच हरकत नाही," तो नम्रपणे म्हणाला. "आत्तापर्यंत आम्ही चारशे बारा ठिकाणी झालोय."

त्याने 'स्थानिकपणा पुस्तिका' सादर केली. पाने चौसष्ट. तीत डगमगणाऱ्या खुर्च्यांची तरतूद होती (चारपैकी एक पाय सहा मिलिमीटर आखूड, कारखान्यातच कापलेला). कान तुटलेले कप तीन प्रकारच्या तुटींमध्ये उपलब्ध होते. भिंतीवर लावायला एका प्रेमळ म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. ती बाई कोण हे कंपनीलाही ठाऊक नव्हते, पण ती चारशे बारा ठिकाणची स्थानिक होती. आणि समितीच्या भावना लक्षात घेऊन एक खास सोय होती: दाराशी एक यंत्र बसवले जाईल, ते ग्राहकाचा चेहरा बघेल आणि मगच वाढेल.

"किती वाढेल?" सचिवांनी विचारले.

"दोनशे चाळीस ग्रॅम."

"सगळ्यांना?"

"चेहरा बघून सगळ्यांना."

उपसमिती भारावून गेली. चेहराही बघितला जाणार होता आणि काटाही हलणार नव्हता. मातीताईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, मातीचा असा सन्मान त्यांनी कधी पाहिला नव्हता. गुणांची बेरीज झाली. 'स्थानिकपणा' या रकान्यात कंपनीला दहापैकी नऊ मिळाले. माईंनी आपण स्थानिक असल्याचा कोणताही पुरावा जोडला नव्हता, म्हणून त्यांना चार. एकूण गुण: कंपनी एकाहत्तर, माई अडतीस.

बेरजेखाली सही सचिवांची हवी होती. त्यांनी पेन हातात घेतले. एवढा वेळ त्यांना वाटत होते की आपण नियमाने वागलो तर नियमही आपल्याशी माणसासारखा वागेल. त्यांनी बेरीज चार वेळा तपासली, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. त्यांनी सही केली.

महिनाअखेर शेड पडली. माईंनी भांडी एका टेंपोत घातली आणि त्या हमरस्त्यापलीकडे अडीच किलोमीटरवर गेल्या. तिथे आणखी अकरा इमारतींचा पाया खणला जात होता.

वसाहत हळहळली. हळहळ इतकी मनापासूनची होती की आठवड्याच्या आत 'स्थानिक चव बचाव मंडळ' स्थापन झाले, सहाशे अकरा सभासदांचे. त्यांनी माईंच्या समर्थनार्थ एक निवेदन काढले आणि त्यावर सह्या केल्या. सह्यांचा कार्यक्रम नव्या उपाहारगृहात झाला, कारण तिथे एसी होता. टायवाल्यानेही सही केली. तो म्हणाला, भावनेच्या प्रश्नात कंपनी नेहमीच स्थानिकांच्या बाजूने असते.

पहिल्या दिवशी सचिवही तिथे गेले. यंत्राने त्यांचा चेहरा बघितला. जरा जास्तच वेळ बघितला, आणि सचिवांना उगीच आशा वाटली. मग यंत्र म्हणाले, "काका, तुम्ही आज खूप छान दिसताय," आणि दोनशे चाळीस ग्रॅम बाहेर आले. त्यांनी ते डगमगत्या खुर्चीवर बसून खाल्ले. सोळा दिवस खाल्ले.

सतराव्या दिवशी, निवेदन समक्ष पोचवण्याची जबाबदारी सचिवांवर आली (बाकीच्यांना त्या दिवशी काम होते). हमरस्त्याला पदपथ नव्हता. सचिव कडेकडेने, धूळ खात, निवेदनाचे भेंडोळे छातीशी धरून चालत गेले. माईंचा पत्रा तोच होता, बाकही तेच होते. बाकांवर सिमेंटने माखलेली माणसे जेवत होती. सचिव कडेला टेकले. माई पळी धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"वाळलात हो भाऊ," त्या म्हणाल्या, आणि दोन वेळा वाढले.

सचिवांनी ताट पुसून खाल्ले. मग त्यांनी भेंडोळे पुढे केले. "माई, सहाशे बारा सह्या आहेत. सगळे तुमच्या बाजूने आहेत."

"अगंबाई! एवढे?" माईंनी रस्त्याकडे मान वाकवून पाहिले. "मग आले नाहीत कुणी?"

सचिवांनी भेंडोळे उलगडून त्यांच्या हातात दिले. माईंनी कागद बोटांनी चाचपला. "चांगला जाड आहे हो," त्या म्हणाल्या, आणि त्याची चौघडी करून तिच्यावर रश्श्याचे गरम पातेले ठेवले. ती चौघडी अजून टिकून आहे. या निवेदनाचा प्रत्यक्ष उपयोग झाल्याची एवढी एकच नोंद उपलब्ध आहे.

ही हकिगत इथवर वाचताना आपण माईंच्या बाजूने होतात, आणि उपसमितीला मनातल्या मनात नावे ठेवलीत, हे आम्ही गृहीत धरले आहे. त्याबद्दल आपले नाव सह्यांच्या यादीत सहाशे तेराव्या क्रमांकावर घेतले आहे. आता फक्त एक औपचारिकता उरते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जी खाणावळ आहे, जिच्यासमोरून जाताना आपण दरवेळी 'अशी ठिकाणं टिकली पाहिजेत' असे म्हणता, तिच्या संदर्भात कृपया प्रश्न क्रमांक सातचे उत्तर खालच्या कोऱ्या जागेत लिहावे. प्रश्न खासगी वाटल्यास जागा कोरी सोडली तरी चालेल. सगळे तसेच करतात.